वजनाचा आकडा आणि मेदाचे प्रमाण

चिपळूण तालुक्यातील डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाने सोळा ते अठरा वर्षांच्या ग्रामीण मुलींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. अशा मुलींपैकी अनेकजणी काट्यावर हलक्या भरतात. परंतु त्या भारात स्नायू किती आणि मेद किती, याचा निवाडा काटा करू शकत नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही देहभारांक, म्हणजे उंचीच्या वर्गाने भागलेले वजन, २२.३, मेद मात्र युडकिन यांचा ९.१, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के! या भेदाची चिन्हे जन्मतःच दिसतात. पुण्यानजीकच्या खेड्यांतील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून सुमारे ८०० ग्रॅमने हलकी भरली, तरी त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने घटलेला नव्हता. तूट पडली होती ती मुख्यतः स्नायूंत. मधुमेहाच्या दृष्टीने हेच चिंताजनक.

तेव्हा कृश मुलीचे वजन वाढले, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. मेद मोजणारे विद्युत्-रोधाचे घरगुती काटेही शरीरातील पाण्यानुसार आकडा बदलतात. एकाच वेळी, एकाच स्थितीत घेतलेल्या मापांचा कल तेवढा ग्राह्य धरावा.