भाकरी, डिम सम आणि भाजलेले बदक

ज्वारीचे पीठ जुने झाले, त्याला विरी राहिली नाही, की थापताना भाकरी कडेने चिरते. मग घरात काय करतात? पाण्याला आधण आणून ते पिठात ओततात, पीठ मळतात आणि तीच भाकरी न तुटता थापली जाते. खंडाळ्यातल्या कोणत्याही घरात पाहायला मिळणारी ही युक्ती आहे. ती नीट समजली, तर चिनी उपाहारगृहातील दोन नामांकित पदार्थांचे मर्मही तुम्हांला कळेल.

तसा सातारा जिल्ह्याचा चिनी माणसांशी संबंध जुना आहे. खंबाटकी घाट ओलांडून सुरूरहून वाईमार्गे महाबळेश्वरला गेलात, तर तेथे ‘चायनामन’ नावाचा धबधबा आहे. इंग्रजी अमदानीत महाबळेश्वरला चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. तो 1864 मध्ये बंद झाला. हे कैदी बटाटे आणि भाजीपाला पिकवीत. त्यांचे मळे या धबधब्याजवळ होते. आज आपल्याकडे ‘चायनीज’ म्हटले, की हातगाडीवरचे नूडल्स आणि मंचुरियन आठवते. दक्षिण चीनमधील कँटनकडची मंडळी मात्र उपाहारगृहात जातात ती चहाबरोबर डिम सम खायला आणि टांगून भाजलेले बदक खायला. मुंबई-पुण्यातील मोठ्या चिनी उपाहारगृहांतही डिम सम मिळते.

डिम सम म्हणजे छोटे छोटे पदार्थ. त्यांतील बरेचसे बांबूच्या टोपल्यांत वाफवतात. ‘हर गाऊ’ नावाच्या प्रकारात कोळंबीचे सारण असते आणि त्यावरची पारी इतकी पातळ, की आतली गुलाबी कोळंबी दिसते. ही पारी ज्या पिठाची करतात, त्यातून ग्लूटेन काढून टाकलेले असते. ग्लूटेन म्हणजे गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन. ते नाही, तर पारी लाटायची कशी? चिनी आचारी तेच करतो, जे तुमची आजी करते : पिठावर उकळते पाणी ओततो!

धान्याच्या पिठात पिष्टाचे सूक्ष्म कण असतात. थंड पाण्यात ते नुसते भिजतात. पाणी साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की कण पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि त्यांची चिकट खळ होते. ही खळच उरलेल्या पिठाला धरून ठेवते. उकडीच्या मोदकाची पारी अशीच होते. पुढे वाफेवर राहिलेले कणही फुगतात, त्यामुळे प्रकाश पूर्वीइतका विखुरला जात नाही आणि पारी चकाकते, थोडी पारदर्शक होते.

पण मोदक कितीही वेळ वाफवा, तो खरपूस होणार नाही. उघड्यावरची वाफ 100 अंशांच्या वर जात नाही. खंडाळ्याला ती 98 अंशांच्या आसपास असते, तर सुमारे 1350 मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला 95-96 अंशच. पिष्टाला तेवढे पुरते. तांबूस रंगाला पुरत नाही. प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि काही शर्करा यांच्या संयोगातून तो रंग आणि भाजल्याचा वास येतो. 1912 साली लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने या अभिक्रियेचे वर्णन केले. 140 अंशांच्या पुढे ती झपाट्याने होते. पदार्थात ओल असेतो उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते आणि तापमान अडून राहते.

बदक भाजणाऱ्याची सारी खटपट म्हणूनच पाण्याविरुद्ध असते. तो कातडी आणि मांस यांच्यामध्ये हवा फुंकतो, म्हणजे कातडी सुटी होते. वर उकळते पाणी ओततो. कातडी आकसून ताठ बसते. मग माल्टोज साखरेचा पाक फासून बदक वाऱ्यावर कित्येक तास टांगून ठेवतो. (माल्टोज ही मायार अभिक्रियेत भाग घेणारी साखर आहे. पाक केवळ गोडीसाठी नव्हे!) भट्टीत गेल्यावर कातडीखालची चरबी वितळून निथळते, कोरडी कातडी तापते, लाल-तपकिरी होते आणि दाताखाली कुरकुरते. आत मांस मात्र ओलेच, म्हणून ते मऊ राहते.

आता चुलीकडे पाहा. भाकरी फुगते तेव्हा आतली वाफ पापुद्रा सुटा करते. आचाऱ्याला जे फुंकून करावे लागते, ते येथे आपोआप होते! पातळ पापुद्रा लवकर सुकतो आणि त्यावर तांबूस ठिपके उमटतात.

एक प्रयोग करून पाहा. तांदळाच्या उकडीच्या दोन चपट्या टिकल्या करा. एक चाळणीत वाफवा, दुसरी कोरड्या तव्यावर भाजा आणि दहा मिनिटांनी रंग, वास व वजन यांची तुलना करा. प्रयोग शिक्षकांच्या किंवा घरच्या मोठ्यांच्या देखरेखीखाली करा. भांड्याचे झाकण पलीकडच्या बाजूने उचला. 1 ग्रॅम उकळते पाणी त्वचेवर पडून निवताना सुमारे 60 कॅलरी उष्णता देते. 1 ग्रॅम वाफ तेवढी तर देतेच, पण त्याआधी तिचे पाणी होताना आणखी 540 कॅलरी देऊन जाते.