चंद्रोदयानंतरचं ताट

मुलाखतीला बसताना मी टेबलावर आधी कालनिर्णयची पानं ठेवते. आजपासून मागचे २८ दिवस पेन्सिलीनं आखायचे आणि समोरच्या व्यक्तीबरोबर ते भरत जायचं. या रविवारी मामेबहिणीचं डोहाळजेवण, या गुरुवारी सबमिशन, हे दोन दिवस घरात पाहुणे. खाण्याचा विषय अजून निघालेलाही नसतो. "गेल्या महिन्यात खाणंपिणं कसं होतं?" असं विचारलं तर उत्तर येतं, "नॉर्मल." पण "डोहाळजेवणाहून घरी आलीस, त्या रात्री?" असं विचारलं की ती थांबते, पानाकडे बघते आणि सांगायला लागते.

ही पद्धत झाफ्रा कूपर आणि क्रिस्टोफर फेअरबर्न या इंग्लंडमधल्या संशोधकांची. १९८७ साली त्यांनी ही मुलाखत प्रसिद्ध केली आणि खाण्याच्या विकारांवर काम करणारे लोक जगभर ती वापरतात. त्यांचं कॅलेंडर कोरं असतं. आमच्याकडे मात्र तिथी आणि सणवार छापलेलं पान जास्त उपयोगी पडतं, कारण आपल्या घरांत जेवणाची आठवण तारखेपेक्षा सणाला चिकटलेली असते. बहुतेक प्रश्नांना ० ते ६ गुण. एकही दिवस नाही तर ०, अर्ध्याहून जास्त दिवस असेल तर ४, रोज असेल तर ६. गुण मी द्यायचे, उत्तर देणाऱ्यानं नाहीत. असं का, ते मला दोन मुलाखतींनी शिकवलं. (ओळख पटेल असे सगळे तपशील मी इथे बदलले आहेत.)

पहिली मुलगी म्हणाली, "ताई, परवा मी राक्षसासारखं खाल्लं." नेमकं काय, ते एकेक विचारत गेले. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर श्रीखंड. दिवस पाडव्याचा. तिच्या वयाच्या कुणीही त्या दिवशी एवढं खाल्लं असतं. 'खूप खाणं' या रकान्यात हे बसत नाही. पण तिचा हात थांबत नव्हता आणि नंतर ती रात्रभर रडली, हेही खरंच. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात होते. दुसरे गृहस्थ चाळिशीचे. "विशेष काही नाही, संध्याकाळी जरा चरत होतो." मग हळूहळू निघालं. पाव किलो फरसाण, टोस्टचा अख्खा पुडा, फ्रीजमधला गार वरणभात पातेल्यातूनच, मुलीसाठी आणलेले सहा लाडू. उभ्यानं, दिवा न लावता. "मध्येच बेल वाजली असती तर थांबला असतात?"

"वाजली होती. कुरिअरवाला होता. मी दार उघडलं नाही."

मूळ प्रश्न 'ताबा सुटला का' असा आहे. मराठीत तसं विचारलं की लोकांना दारू नाहीतर गाडी आठवते. "हात थांबत नव्हता का?" म्हटलं की लगेच कळतं. घरी याला अधाशीपणा म्हणतात, फारतर भस्म्या झालाय म्हणतात. असं नाव पडलेली गोष्ट डॉक्टरकडे कोण घेऊन जाईल?

खूप खाणं आणि हात न थांबणं, दोन्ही असलेल्या प्रत्येक प्रसंगाला पानावर एक ठिपका. खाल्लेलं मुद्दाम बाहेर काढणंही जोडीला असेल तर तो बुलिमिया. १९७९ साली जेराल्ड रसेल यांनी लंडनमध्ये ३० रुग्णांवरून त्याला हे नाव दिलं. मानसिक आजारांची अमेरिकन सूची, डीएसएम, तिच्या १९९४च्या आवृत्तीत बुलिमियासाठी आठवड्यातून दोन प्रसंग लागत, सलग तीन महिने. २०१३च्या आवृत्तीत ते आठवड्याला एकावर आले. म्हणजे २८ दिवसांच्या पानावर आधी आठ ठिपके हवे होते, आता चार पुरतात. ठिपके पाच असलेली बाई बदलली नाही, तिचा त्रासही तोच. आधी ती 'इतर' या खणात जायची. त्या वीस वर्षांत दवाखान्यांत येणाऱ्या खाण्याच्या विकारांच्या रुग्णांमध्ये सर्वांत मोठी संख्या याच 'इतर'ची होती. निम्म्याहून जास्त माणसं जिथे 'इतर' ठरतात, ती यादीच चुकलेली असते, असं मला ठामपणे वाटतं. आणि यादी चुकली की औषधोपचार, विमा, संशोधनाचा पैसा, सगळं चुकीच्या दारात जातं.

पुष्कळ घरांत कालनिर्णयवर आणखी एक खूण असते, पाळीच्या तारखेभोवती बारीक गोल. २०१३पर्यंत बायकांच्या बाबतीत ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजाराच्या, निदानासाठी सलग तीन पाळ्या चुकलेल्या असणं आवश्यक होतं. ती अट गेली. बरं झालं. उपाशी राहून खंगलेली मुलगी केवळ पाळी येते म्हणून यादीबाहेर राहत होती.

'जाड होण्याची भीती' ही अट मात्र अजून अडते. हाँगकाँगमध्ये डॉ. सिंग ली यांनी १९९०च्या सुमारास दाखवून दिलं की तिथल्या अनेक रुग्णांना ही भीती नव्हतीच. पोट भरल्यासारखं वाटतं, भूकच नाही, असं त्या सांगत. आपल्याकडेही मी हेच ऐकते: "जेवण जातच नाही." भीती वाटते का, तर नाही. वजन वाढण्याच्या आड येईल असं सतत काही करत राहणं एवढंही आता पुरतं. ही जोड २०१३चीच. पण "जात नाही" म्हणणाऱ्या मुलीला नेमकं काय 'करतेस' विचारायचं, यासाठी दुसऱ्या भाषेतला छापील प्रश्न पुरत नाही.

प्रत्येक मुलाखत ध्वनिमुद्रित होते. माझी सहकारी हेडफोन लावून ती ऐकते आणि माझे गुण न बघता स्वतःचे देते. मग दोघींचे जुळतात किती, ते मोजायचं. योगायोगानं जुळणारे वजा करून उरतो तो आकडा कॅपा. पूर्ण जुळले तर १, नुसता योगायोग असेल तर ०. डीएसएमच्या २०१३च्या आवृत्तीआधी झालेल्या चाचण्यांत नैराश्याच्या निदानाला हा आकडा ०.२८ मिळाला होता. इतक्या रोजच्या निदानाला! तेव्हापासून सहकारीशी मत जुळलं नाही की मी वाद घालत नाही, ध्वनिमुद्रण परत ऐकते.

आमचं सगळ्यात जास्त अडलं उपवासावर. मुलाखतीत एक प्रश्न आहे: वजनासाठी, जागेपणीचे आठ किंवा जास्त तास काहीच न खाता काढलेत का? किती दिवस? महाराष्ट्रात हा प्रश्न असाच विचारला तर अर्धी घरं 'हो' म्हणतील. म्हणून आधी विचारायचं, उपवास कडकडीत की फराळाचा? साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी असेल तर आठ तास रिकामे जातच नाहीत. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही आली. मग विचारायचं, उपवास कुणासाठी?

एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या पानावर संकष्टी होती. मी विचारलं, "उपवास होता?" ती म्हणाली, "हो, घरी सगळेच करतात." मी तो दिवस सोडून दिला. सहकारीनं तो धरला. ध्वनिमुद्रण ऐकलं तेव्हा माझी चूक लक्षात आली. 'सगळेच करतात' म्हणताना तिचा आवाज खाली गेला होता आणि मी तोवर पुढच्या तारखेवर गेले होते. पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या भेटीला आली, तेव्हा तेच पान परत समोर ठेवलं.

"संकष्टीला चंद्रोदय झाल्यावर काय जेवलीस?"

ती बराच वेळ गप्प होती.

"आईनं मोदक केले होते. ताट वाढलं. मी म्हटलं, डोकं दुखतंय, नंतर जेवते."

"मग?"

"मग झोपले."

मी पेन्सिलीनं त्या तारखेवर गोल केला. तिनं पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि पानावर आणखी चार गोल केले. मंगळवार, गुरुवार, दोन साधे सोमवार. एकाही दिवशी व्रत नव्हतं.

"हे पण धरा ताई," ती म्हणाली. "या दिवशी मी घरी डबा खाल्ला म्हणून सांगितलं होतं."