गोमुखामागचा डोंगर

त्र्यंबकेश्वराहून गंगाद्वाराच्या पायऱ्या चढायला लागलं, की पहिल्या शंभरेक पायऱ्यांतच छाती भरून येते. एकूण पायऱ्या सातशेच्या आसपास. त्या संपवून, घाम पुसत माणूस देवळात वाकतो आणि पाहतो, तर दगडी गोमुखातून पाणी ठिबकत असतं. एक थेंब पडतो, मग जरा वेळ काहीच नाही, मग दुसरा थेंब. मागच्या एप्रिलमध्ये मी तिथे रांगेत उभा होतो, तेव्हा पुढच्या लहान मुलानं आईला विचारलं, "एवढीच गोदावरी?" आईनं त्याला हात जोडायला सांगितलं. त्यानं जोडले, पण नजर गोमुखावरच होती.

मला तो प्रश्न फार आवडला. पाऊस थांबून तेव्हा सहा महिने झाले होते. पायथ्याचं गवत वाळून पिवळं पडलं होतं. मग हा थेंब कुठून येत होता? आणि थेंबाथेंबानं सुरू होणारी ही नदी १,४६५ किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला कशी मिळते?

आधी साधा हिशेब करू. पाण्याचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब धरला, तर २४ तासांत ८६,४०० थेंब पडतात, म्हणजे सव्वाचार लिटरच्या आसपास पाणी. एक कळशीसुद्धा भरत नाही. आता नजर वर न्या. नाशिक शहरात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. त्र्यंबकच्या डोंगरांवर त्याच्या दुपटीहून जास्त. हिशेबाला २,००० मिलिमीटर धरू. मग डोंगराच्या एका हेक्टरवर दर पावसाळ्यात दोन कोटी लिटर पाणी पडतं. त्यातला दहावा हिस्सा जरी मुरला आणि पुढच्या आठ महिन्यांत हळूहळू बाहेर आला, तरी त्या एका हेक्टरमागे रोज आठ हजार लिटरच्या वर पाणी होतं. ब्रह्मगिरीची उंची १,२९८ मीटर, आणि त्याचा विस्तार हेक्टरांत मोजायला बसलं तर पुष्कळ भरेल. हे पाणी एका गोमुखातून येत नाही. डोंगराच्या अंगाला जागोजागी फुटलेल्या पाझरांतून ते उतरतं, ओहोळांना मिळतं आणि त्या सगळ्यांची मिळून नदी होते. गोमुख त्यातलं एक तोंड, आपण पूजेसाठी निवडलेलं.

दगडात पाणी राहतं कसं?

आपल्या पायाखालचा खडक म्हणजे थरांची चळत आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वर आला, पसरला आणि थिजला. एक थर निवला की काही काळानं त्यावर दुसरा. सह्याद्रीचे कडे लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळेच.

प्रत्येक थर मात्र आतून सारखा नसतो. मधला भाग घट्ट, त्याला आपण काळा पाषाण म्हणतो. लाव्हा निवताना त्यातले वायू वर चढतात आणि वरच्या अंगाला अडकतात, म्हणून तिथला दगड बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला असतो. विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी खेळत राहिलं आणि स्फटिक वाढले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेमागे ठेवलेले पांढरे, हिरवट, गुलाबी झिओलाइट पाहिलेत, तर एक लक्षात ठेवा: ते स्फटिक म्हणजे खडकातून कधीकाळी पाणी गेल्याची खूण आहे.

पावसाचं पाणी माथ्यावरच्या मातीतून मुरुमात उतरतं, पाषाणाच्या भेगांतून वाट काढतं आणि झिजलेल्या, सच्छिद्र दगडात साठतं. पुष्कळ ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या चिकणमातीचा पातळ पट्टा असतो. जुन्या थराच्या पाठीवर तयार झालेली माती, नव्या लाव्ह्याखाली भाजून निघालेली. तिच्यातून पाणी सहजी खाली जात नाही. वाट अडली, की ते आडवं वाहू लागतं आणि डोंगराचा उतार जिथे त्या थराला छेद देतो तिथे बाहेर येतं. तोच झरा. उन्हाळ्यात एखाद्या उघड्या कड्यावर आडवी हिरवी रेघ दिसली, तर समजावं, तिथे दोन थरांची सीमा आहे आणि तिच्यावरून पाणी पाझरतं आहे.

त्र्यंबकची कथा इथे आठवते. गौतम ऋषींच्या तपानं गोदावरी ब्रह्मगिरीवर उतरली, पण ती ठरेना. माथ्यावर औदुंबराच्या मुळाशी प्रकटली आणि गुप्त झाली, गंगाद्वारी दिसली आणि पुन्हा गुप्त झाली. शेवटी गौतमांनी कुश टाकून तिला अडवलं, ते कुशावर्त कुंड. भाविकासाठी ही कथा आहेच. पण ज्यानं हा डोंगर बारा महिने पायी पालथा घातला असेल, त्यालाच पाणी एका उंचीवर दिसतं, खडकात शिरतं आणि खालच्या उंचीवर पुन्हा दिसतं हे कळेल. भूजलाचा अभ्यासक आज जे नकाशावर काढतो, त्याचं निरीक्षण या कथेत आहे.

कारंज्यांच्या शहरात सापडलेला नियम

खडकातून पाणी किती वेगानं जातं, हे गणितात प्रथम मांडलं ते फ्रान्समधल्या दिजाँ शहरात, आणि तेही कारंज्यांच्या निमित्तानं. आँरी दार्सी या अभियंत्यानं १८४० मध्ये शहराबाहेरच्या रोझवार झऱ्याचं पाणी बाराएक किलोमीटरवरून, केवळ उताराच्या जोरावर दिजाँमध्ये आणलं आणि चौकाचौकांतली कारंजी वाहती केली. पुढे त्यानं उभ्या नळकांड्यात वाळू भरून तिच्यातून पाणी सोडलं आणि मोजमापं घेतली. १८५६ साली दिजाँच्या सार्वजनिक कारंज्यांवर त्यानं ग्रंथ छापला आणि त्याच्या परिशिष्टात हा नियम दिला. आज जगभरचं भूजलशास्त्र त्यावर उभं आहे.

नियम सोपा आहे. दोन ठिकाणच्या पाणीपातळीतला फरक जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. मधली वाट जितकी लांब, तितका कमी. तिसरी गोष्ट दगडाची: तो पाणी किती सहज जाऊ देतो. भूशास्त्रात याला पार्यता म्हणतात. गंगाद्वाराचा थेंब या तिघांची बेरीज-वजाबाकी आहे. वर डोंगराची उंची त्याला ढकलते, मधला दगड त्याला रोखून धरतो. दगडानं रोखलं नसतं, तर सगळा पावसाळा दिवाळीआधीच वाहून गेला असता. एप्रिलमध्ये ठिबकणारं पाणी हे दगडाच्या संथपणाचं देणं आहे.

माणसानं बांधलेल्या कारंज्यात हा दगड नसतो, नळ असतो. उंची मात्र तीच लागते. घरी करून पाहा: पारदर्शक लांब नळीच्या एका टोकाला नरसाळं लावा, ते उंच धरा, दुसरं टोक खाली, पण तोंड वर वळवून धरा आणि पाणी ओता. खालच्या टोकातून पाणी उसळेल, पण नरसाळ्यातल्या पातळीच्या वर कधीच जाणार नाही. घर्षणामुळे थोडं खालीच राहील. दर दहा मीटर उंचीमागे पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो वाढतो. पंप नसलेल्या काळातलं प्रत्येक कारंजं या एका भांडवलावर उडायचं.

अठराव्या शतकाच्या मध्यावर जगात अनेक ठिकाणी ही विद्या बहरात होती. १७४४ मध्ये औरंगाबादला पाणचक्की झाली. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी खापरी नळांतून तिथवर आलं, उंचावरून पडलं आणि जातं फिरवू लागलं. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळानं शहरात खेळवलं. वाटेत कोंडलेली हवा सुटावी म्हणून उच्छ्वास बांधले. शनिवारवाड्यातल्या सोळा पाकळ्यांच्या हजारी कारंज्याला अशाच पाण्याचा आधार होता. १७६२ मध्ये रोमचं त्रेव्ही कारंजं पुरं झालं. त्याचं पाणी इसवी सनापूर्वी १९ मध्ये बांधलेल्या जलवाहिनीतून येई, आणि वीसेक किलोमीटरच्या त्या वाटेत उतार होता जेमतेम चार मीटर. म्हणून त्रेव्हीत उंच फवारे नाहीत, शिळांवरून पसरत पडणारं पाणी आहे. कलावंतानं हाताशी असलेल्या उंचीचा मान राखला. साधारण त्याच काळात त्र्यंबकला होळकरांचे फडणीस रावसाहेब पारनेरकर यांनी कुशावर्त घडीव दगडात बांधून काढलं. १७५५ च्या सुमारास त्र्यंबकेश्वराच्या देवळाचं कामही सुरू झालं.

कुशावर्तावर पाणी हवेत उडत नाही. पण पायऱ्या, ओवऱ्या आणि खाली शांत पाणी हे पाहताना मला ते या सगळ्या कारंज्यांचं सख्खं भावंड वाटतं. फरक इतकाच, की इथे जलवाहिनी कुणी बांधली नाही. ती डोंगरानंच दिली.

तोंड बंद केलं तर

नळाचं तोंड दाबलं तर पाणी थांबतं, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. झऱ्याच्या बाबतीत आपण ते विसरतो. नाशिकचं रामकुंड १६९६ मध्ये चित्रराव खटारकर यांनी बांधलं, पुढे पेशवे माधवराव यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती केली. गोदापात्रातल्या अशा कुंडांना वरून नदीचं पाणी मिळे, तसं तळाच्या झऱ्यांचंही. घडीव दगडांच्या सांध्यांतून पाणी उमाळून वर येऊ शकतं. काँक्रीटच्या सलग थरातून नाही. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या गर्दीच्या सोयीसाठी पात्रात काँक्रीट ओतलं गेलं आणि अनेक झऱ्यांची तोंडं त्याखाली गेली. २०१६ च्या दुष्काळात रामकुंड कोरडं पडलं, टँकरनं पाणी आणून भरावं लागलं. ते दृश्य पाहिलेला नाशिककर ते विसरणार नाही. पात्रातलं काँक्रीट काढावं म्हणून नाशिकचे लोक न्यायालयापर्यंत गेले, काही भागातलं काढलंही गेलं. उरलेल्या झऱ्यांना अजून श्वास मिळायचा आहे.

हे खालच्या टोकाचं झालं. वरचं टोक डोंगर. त्याचा पायथा फोडला, उतार सपाट केले, माथ्यावरची माती आणि झाडोरा गेला, की पाऊस मुरायच्या आधीच घसरून जातो. पावसाळ्यात पूर वाढतो, उन्हाळ्यात थेंब थांबतो. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या परिसरातल्या खोदकामाविरुद्ध नाशिकच्या पर्यावरणप्रेमींनी आवाज उठवला, तो या विज्ञानाला धरूनच होता. याच डोंगररांगेत वैतरणाही उगम पावते, पश्चिमेला उतरते आणि मुंबईची तहान भागवते. म्हणजे हा प्रश्न एका गावाचा नाही.

आटलेले झरे परत आणता येतात, हे सिक्कीमनं दाखवून दिलं. २००८ पासून तिथे 'धारा विकास' या उपक्रमात झऱ्यामागचे थर कुठल्या बाजूला उतरतात हे आधी तपासलं, पाणी नेमकं कुठे मुरतं ती जागा शोधली आणि तिथे उताराला आडवे चर खोदले. पुण्याच्या अॅक्वाडॅम या संस्थेच्या भूशास्त्रज्ञांचा त्याला हातभार होता. त्यातला धडा असा, की मुरण्याची जागा झऱ्याच्या थेट वर असेलच असं नाही. ती डोंगराच्या दुसऱ्या अंगालाही असू शकते. चर कुठे खोदायचे हे दगड सांगतो. तो वाचल्याशिवाय कुदळ उचलली, तर श्रम वाया जातात.

येत्या सिंहस्थाला लाखो माणसं कुशावर्तावर आणि रामकुंडावर येतील. त्यांना माझी विनंती आहे: स्नान झालं, की वळून एकदा ब्रह्मगिरीकडे पाहा. जमल्यास गंगाद्वारापर्यंत चढा. गोमुखासमोर उभं राहून मिनिटभरात पडणारे थेंब मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. झऱ्यांचा अभ्यास करणारे तज्ज्ञही सुरुवात अशीच करतात, ठरावीक दिवशी, त्याच जागी प्रवाह मोजून. दहा वर्षांच्या अशा नोंदी कुठल्याही भाषणापेक्षा स्पष्ट सांगतील, की डोंगराचं काय चाललं आहे.

माझ्या वहीत पहिली नोंद झाली आहे. दुसरी येत्या एप्रिलमध्ये करायची आहे. त्या मुलाच्या वयाचं कुणी सोबत आलं, तर मोजायचं काम त्याच्याकडे देणार आहे.