शेजारची बखळ घ्यावी का?

घराला लागून असलेली बखळ विकायला निघाली, की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, अशी जागा पुन्हा मिळायची नाही. दुसरा म्हणतो, दागिने मोडून माती कशाला घ्यायची? दोघांचंही म्हणणं खोटं नाही.

आधी गरज पाहा. चोपड्याकडच्या खेड्यांत पऱ्हाट्या रचायला, बैल बांधायला, धाब्याचं पाणी उतरायला मोकळी जागा लागते. उद्या परक्याने ती घेऊन भिंतीला भिंत लावली, तर तुमच्या खिडकीचं काय? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे २० वर्षे अखंड, बिनतक्रार मिळालेल्या उजेडावर हक्क सांगता येतो; पण तो कोर्टात सिद्ध करावा लागतो. खिडकी नवी असेल तर तोही आधार नाही. अशा वेळी बखळ घेणेच स्वस्त पडते.

आता कागद. गावठाणातल्या जागेला सात-बारा नसतो. ग्रामपंचायतीचा उतारा कर आकारणीचा; त्याने मालकी ठरत नाही. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली. मिळकत पत्रिका निघाली असेल तर तीच मागा.

जागा शेतजमीन असेल तर प्रकार निराळा. ती बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून घेता येत नाही. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासींच्या जमिनी आहेत. त्या बिगरआदिवासीने परस्पर घेतल्या, तर व्यवहार टिकत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने मात्र शेजाऱ्याचा विचार केला: तुकडा म्हणून नोंदलेली जमीन विकायची तर ती लगतच्या धारकाला, असे त्याचे कलम ७ सांगते. या कायद्यात पुढे बरेच बदल झाले, तेव्हा आजचा नियम तलाठ्याला विचारून घ्या.

सर्वांत जास्त माणसे फसतात ती वारसांत. विकणारा एक भाऊ. पण जागा वडिलोपार्जित, आणि बहिणी सासरी. “त्यांचं काय, त्यांनी हक्क सोडलाय,” हे तोंडी उत्तर ऐकून इसार देऊ नका. २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हिस्सा मुलाइतकाच झाला आहे. नोंदवलेले हक्कसोडपत्र दाखवा म्हणावे, नाहीतर बहिणींच्या सह्या खरेदीखतावर घ्याव्यात. नुसत्या स्टँपवर लिहून घेतलेला व्यवहार खरेदी नव्हे. १०० रुपये आणि त्यावरच्या स्थावराला नोंदणी लागतेच. मोजणीही आधी करावी, कुंपण घालताना नव्हे.

भावाचे म्हणाल, तर तुमची गरज विकणाऱ्याला ठाऊक असते. चार पैसे जास्त तो मागणारच. ते द्यायला हरकत नाही. मात्र पेरणीचे भांडवल त्यात घालू नका. बी-खतासाठी मग सावकाराचे दार गाठावे लागते.