बर्फ वितळतो, ट्रक थांबतात आणि मेपल कामाला लागतं

आज जरा लांब जाऊ. अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या वरच्या जंगलपट्ट्यात. आपल्याकडे कैरीचं पन्हं सुरू होतं, तेव्हा कुठे तिकडे बर्फ वितळायला लागतो. रीलमध्ये हे फार रोमँटिक दिसतं. प्रत्यक्षात सगळीकडे चिखल, आणि बऱ्याच घरांत पैशाची ओढाताण.

का, ते सांगतो. तिथली लाकूडतोड मुख्यतः हिवाळ्यात चालते, कारण गोठलेल्या दलदलीवरून जड यंत्रं नेता येतात. मार्चमध्ये जमीन वरून वितळते, पण खाली गोठलेलीच असते. पाणी मुरणार कुठे? अशा रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की रस्ता खचतो. म्हणून दरवर्षी काही आठवडे वजनावर मर्यादा घालतात. ट्रक उभे, ट्रकवाले घरी. फेरीवर पैसे मिळणाऱ्याची कमाई तेवढे दिवस थांबलीच.

पण नेमकं तेव्हाच मेपल कामाला लागतं. त्यासाठी रात्री तापमान शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर हवं. रात्री खोडात बर्फ धरतो, आतली हवा आकसते आणि झाड मुळांकडून पाणी ओढतं. सकाळी ऊन पडलं की बर्फ वितळतो, दाबलेली हवा फुगते, रस बाहेर ढकलला जातो. मला तर हे सरळ चार्ज-डिस्चार्ज वाटतं! खोडाला दीड-दोन इंच भोक पाडायचं, तोटी ठोकायची, खाली बादली.

रसात साखर जेमतेम २ टक्के. ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप. गुऱ्हाळ पाहिलंय ना? उसाच्या रसात याच्या कितीतरी पट साखर असते, म्हणजे इथे जाळ किती लागत असेल बघा. शिवाय रस दुधासारखा नासतो, त्यामुळे ‘रविवारी बघू’ चालत नाही. अख्खं घर लागतं. पोरं बादल्या आणतात, कोणी लाकडं सारतं, कोणी १०४ अंशांवर नजर ठेवतं. उतू जायला लागलं की लोण्याचा एक थेंब! पोरांची मजुरी म्हणजे स्वच्छ बर्फावर ओतलेलं गरम सिरप. ते लगेच चिकट, ताणणारं होतं.

आणि हे गोऱ्यांनी शोधलेलं नाही बरं का. ओजिब्वे कुटुंबं पिढ्यान्पिढ्या आपापल्या ठरलेल्या मेपल-राईत मुक्कामाला जायची, कारभार मुख्यतः बायकांकडे. साखर भरायची ती बर्चच्या सालीच्या डब्यांत. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाची भावकी. जेवणात मिठाच्या जागीही तीच साखर.

या दिवसांत पोरांना एकच गोष्ट दटावून सांगतात: तळ्यावर पाय ठेवायचा नाही. वसंतातला बर्फ फूटभर जाड दिसला तरी आतून उभ्या कांड्यांमध्ये सुटा झालेला असतो. जाडी मोजून काही उपयोग नाही.

कळ्या फुगल्या की सिरपची चव बिघडते, मग तोट्या काढायच्या. ट्रकवरची मर्यादा उठायला मात्र बऱ्याचदा मे उजाडतो.