अकोट्याची श्राविका आणि आपल्या पेढीच्या वह्या

बडोदे शहरी आलेला पाहुणा कमाटीबागेतील वस्तुसंग्रहालयात शिरतो, देवमाशाचा प्रचंड सांगाडा व मिसर देशातील ममी पाहतो आणि तृप्त होऊन परततो. परंतु त्याच संग्रहात आपल्या गावाचा जो इतिहास जतन झाला आहे, त्याकडे आपणा व्यापाऱ्यांचेही लक्ष क्वचितच जाते. यास्तव हे चार शब्द.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या या संग्रहालयाची इमारत १८९४ साली पूर्ण झाली. ज्या राजाने १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१० पासून ग्रंथालयांची चळवळ उभारून खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठविल्या, त्याच्या दृष्टीने संग्रहालय हेही लोकशिक्षणाचेच साधन होते.

विश्वामित्रीच्या पश्चिम तीरावरील अकोटा आज शहराचाच एक भाग आहे. प्राचीन काळी मात्र 'अंकोट्टक' हेच मोठे ठाणे होते. इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात बडोद्याचा उल्लेख 'वडपद्रक' या नावाने, अंकोट्टकाच्या चौऱ्याऐंशी गावांपैकी एक गाव म्हणून येतो. या अकोट्यास १९५१ साली जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला. डॉ. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

या मूर्तींचे मोल केवळ कारागिरीत नाही. पीठावर कोरलेल्या अक्षरांतही आहे. ऋषभनाथाच्या एका मूर्तीवर निवृत्ति कुलातील जिनभद्र वाचनाचार्यांचे नाव आहे. जीवंतस्वामींच्या मूर्तीवर चंद्र कुलातील नागीश्वरी नामक श्राविकेचे नाव आहे. सहाव्या शतकातील ही गृहस्थ स्त्री कोणत्याही राजाच्या प्रशस्तीत आढळावयाची नाही. दान देताना नाव लिहून ठेवले, म्हणूनच ती आपणास ठाऊक झाली.

आता आपल्या पेढ्यांकडे वळू. मी धान्याचा घाऊक व्यापारी. आमच्या वखारीच्या माळ्यावर शेराची व मणाची लोखंडी वजने अद्याप आहेत. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धतीचा पाया घातला, त्यानंतर किलोग्रॅम आला आणि चाळीस शेरांचा मण हा हिशेब व्यवहारातून गेला. आजच्या मुलांस तो गोष्टीसारखा वाटतो. जुन्या रोजमेळांत व खतावण्यांत बाबाशाही रुपयाचे भाव, गाडीभाडे, आडत, दुष्काळातील उधारी, धर्मादाय खात्याच्या रकमा असे सारे काही असते. आणि दर दिवाळीस नव्या वह्यांचे पूजन होताच अडगळीतील जुन्या वह्या रद्दीवाल्याच्या तराजूत पडतात! रद्दीच्या भावाने चार पैसे येतात. परंतु गावाच्या व्यवहाराची साक्ष कायमची जाते.

यास्तव आपल्या मंडळाने पुढील उपक्रम हाती घ्यावेत, अशी माझी सूचना आहे. प्रथम, प्रत्येक पेढीने जुन्या वह्या, हुंड्या, वजनेमापे यांची यादी करावी. वस्तू कोणाची, कोठून आली, कोणत्या काळी वापरात होती, हे तीन प्रश्न तरी नोंदवावेत. दुसरे, जे मोडी किंवा जुनी वाणी लिपी वाचू शकतात, अशा वृद्धांस एकत्र बसवून वाचनाच्या बैठका भरवाव्यात. हे ज्ञान माणसाबरोबरच जाते. तिसरे, वर्षातून एक दिवस मुलाबाळांसह संग्रहालयात जावे आणि जाणत्याकडून अकोट्याच्या मूर्तींची माहिती ऐकावी. चौथे, ज्या वस्तू घरी सांभाळवत नाहीत त्या रीतसर पोच घेऊन योग्य संस्थेकडे सुपूर्द कराव्यात. वाळवी व ओल हे कागदाचे वैरी आहेत, तसेच चिंचेने घासून चकचकीत केलेल्या पितळेवरील जुनी अक्षरेही झिजतात, हेही ध्यानी असावे.

यात मोठा खर्च नाही. येत्या लक्ष्मीपूजनापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या माळ्यावरील एक पेटी उघडून यादी मंडळाच्या चिटणीसांकडे धाडली, तरी पुढील वर्षीच्या स्मरणिकेत ती छापता येईल. नागीश्वरीने आपले नाव पीठावर कोरविले. आपण निदान वहीच्या पहिल्या पानावर पेढीचे नाव व साल लिहून ठेवू या.