बाळाचे ते हसू ‘बाहेरचे’ नव्हे!

फिट आली की कांदा हुंगवायचा, चप्पल नाकाशी धरायची, ही रीत आपल्या वस्त्यांतून अजून गेलेली नाही. पण फिटचा एक प्रकार असा आहे की त्यात पोर पडत नाही, तोंडाला फेस येत नाही. ते नुसते हसते. म्हणून त्याला कोणी आजार मानतच नाही.

हे हसणे आनंदाचे नसते. गंमत नाही, गुदगुल्या नाहीत, तरी मूल एकाएकी हसते आणि काही सेकंदांत थांबते. असे दिवसातून अनेकदा, कधी झोपेतसुद्धा. तान्हेपणीच सुरू होत असल्याने घरचे ‘आमचं बाळ हसरं’ म्हणून कौतुक करतात. पुढे झटक्यांचे रूप बदलते, शुद्ध हरपते, मूल चिडून मारझोड करते, शाळेत मागे पडते. काही मुलींना आठ वर्षांच्या आतच पाळी येते. मग सुरू होते देवऋषाची वारी.

खरे कारण मेंदूच्या तळाशी असते. भूक, तहान, शरीराची वाढ सांभाळणारा हायपोथॅलॅमस नावाचा भाग तेथे आहे. बाळ गर्भात असतानाच तेथे एक छोटी गाठ तयार होते. तिला हॅमार्टोमा म्हणतात. ती कॅन्सरची नाही, पसरतही नाही. साधारण दोन लाख मुलांत एकाला हा आजार असतो. पूर्वी डॉक्टरांनाही वाटे की झटके मेंदूच्या दुसऱ्या भागातून येतात. त्या भागांवरच्या शस्त्रक्रिया फसल्या. १९९० च्या दशकात थेट गाठीत बारीक तारा घालून तपासले, तेव्हा मूळ तेथेच सापडले.

गोळ्यांनी हे झटके सहसा पुरते थांबत नाहीत. म्हणून शस्त्रक्रिया. जपानमधील निगाता येथे १९९७ पासून कवटीला लहान छिद्र पाडून, सुई गाठीपर्यंत नेऊन ती उष्णतेने निकामी करतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचे डॉ. जेफ्री रोझेनफेल्ड यांनी मेंदूच्या दोन अर्ध्यांमधून वरून वाट काढली. अलीकडे लेझरही आला. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून फिटच्या शस्त्रक्रिया होतात. दिल्लीच्या एम्समध्येही होतात.

विहारात एका आईने आम्हांला विचारले, “दादा, मेंदूला हात लावला तर पोर वेडं नाही ना होणार?” प्रश्न रास्त आहे. धोका असतोच. स्मरणशक्ती कमी होणे, अंगातील मिठाचे प्रमाण बिघडणे, भूक अनावर होऊन वजन वाढणे हे होऊ शकते. एका वेळेत काम न झाल्यास पुन्हा करावे लागते. पण झटके चालू राहिले तर बुद्धीचे नुकसान होतच राहते, हे दुसऱ्या पारड्यात टाकून पाहा. डॉक्टरांना दोन्ही बाजू विचारा. बुद्धांचे वैद्य जीवक यांनी राजगृहात एका श्रेष्ठीची कवटी उघडून उपचार केल्याची कथा विनयपिटकात आहे. आपल्या परंपरेला शस्त्रक्रियेचे वावडे कधीच नव्हते.

पैशाचे काय? सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना गाठा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड जवळ ठेवा, आणि नकार मिळाल्यास लेखी मागा.

मुलीच्या लग्नाची काळजी करणाऱ्यांनी एवढे जाणावे की फिट येणे हे विवाह रद्द करण्याचे कारण १९९९ सालीच हिंदू विवाह कायद्यातून काढले गेले, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. भूत उतरवतो म्हणून पोराला मारणारा मात्र २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हेगार ठरतो.

असे हसणे दिसले तर मोबाइलवर चित्रण करा, तारीख-वेळ वहीत मांडा आणि मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. एमआरआय काढताना हायपोथॅलॅमस नीट पाहायला सांगा, कारण लहान गाठ नजरेतून सुटू शकते. साधा ईईजी चांगला आला म्हणून निश्चिंत राहू नका. आणि चालू गोळ्या डॉक्टरांना न विचारता एक दिवसही बंद करू नका.